टाकी फुल ते टाकी फुल: छोट्या मोटारीचे खरे ॲव्हरेज मोजण्याची रीत

नवी गाडी दारात उभी राहिली की पेढे वाटून संपायच्या आत पहिला प्रश्न येतो, “ॲव्हरेज किती देते?” आणि गाडी घेऊन जेमतेम दोन आठवडे झालेले असले तरी मालकही “वीस-बावीस पडतंय की” असे छातीठोकपणे सांगून मोकळा होतो. हा आकडा आणला कुठून, असे विचारले तर तो शोरूममधल्या माणसाने सांगितलेला असतो, डॅशबोर्डवर दिसलेला असतो, किंवा “हजाराचे पेट्रोल घातले, ते गोव्याला जाऊन येईपर्यंत पुरले” अशा हिशेबातून निघालेला असतो. यांपैकी एकालाही मोजमाप म्हणता येत नाही. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात पेट्रोलवर चालणारी छोटी मोटार ज्यांनी नुकतीच घेतली आहे आणि ती लीटरमागे खरोखर किती किलोमीटर चालते हे ज्यांना जाणून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी ही रीत लिहिली आहे. त्यासाठी एक वही, एक पेन आणि पंपावरची पावती घेण्याची सवय एवढेच लागते.

जाहिरातीतला आकडा कसा येतो

कंपनी जो आकडा सांगते तो खोटा नसतो, मात्र तो आपल्या रस्त्यावर काढलेला नसतो. वाहनांच्या प्रमाणीकरणाचे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी सर्वांत परिचित म्हणजे पुण्याची, १९६६ साली स्थापन झालेली ‘एआरएआय’. अशा संस्थेच्या प्रयोगशाळेत गाडीची चाके जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर (रोलरवर) ठेवून, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवत आणि कमी करत, वीस मिनिटांहूनही कमी वेळ चालवली जाते. वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही, एसी बंद असतो, वारा नसतो, चढ नसतो, आणि पुढ्यात उसाची दोन ट्रॉल्यांची मिरवणूक तर नसतेच. या चाचणीचा उपयोग दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करण्यापुरता आहे. एका गाडीला तिथे २४ आणि दुसरीला २० मिळाले असतील, तर पहिली दुसरीपेक्षा काटकसरी निघण्याची शक्यता पुष्कळ आहे, एवढेच त्यावरून समजावे. आपल्या हातात तेच २४ मिळतील असे मात्र कोणी म्हटलेले नाही.

सुरुवात: पहिली टाकी

टाकीत नेमके किती पेट्रोल आहे हे आपल्याला कधीच कळत नाही. इंधनाचा काटा अंदाज देतो, माप देत नाही. टाकीची एकच अवस्था आपण पुन्हा पुन्हा बऱ्यापैकी तशीच आणू शकतो, आणि ती म्हणजे पूर्ण भरलेली टाकी. म्हणून पुढची सगळी रीत एका साध्या विचारावर उभी आहे: आज टाकी फुल केली, गाडी चालवली, पुन्हा टाकी फुल केली, तर दुसऱ्या वेळी जितके पेट्रोल आत गेले तितकेच मधल्या काळात जळाले.

आपल्याकडे पाचशेचे किंवा हजाराचे पेट्रोल घालण्याची सवय इतकी मुरलेली आहे की, पंपावरचा मुलगा गाडी थांबायच्या आत “किती?” असे रुपयांत विचारतो. या सवयीने खर्च हाताशी राहतो हे खरे, परंतु ॲव्हरेज मोजण्याचा मार्ग बंद होतो, कारण पेट्रोल घालण्यापूर्वी आणि घातल्यानंतर टाकी किती भरलेली होती हे दोन्ही वेळा अंधारातच राहते. छोट्या मोटारींच्या टाक्या साधारण २७ ते ३७ लीटरच्या असतात. एकदा टाकी फुल करण्यासाठी महिन्याच्या सुरुवातीला थोडी अधिक रक्कम बाजूला काढावी लागेल, त्यानंतर खर्च तेवढाच राहतो.

पंपावर गेल्यावर गाडी शक्य तितक्या सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करावे, मशीनवर शून्य दिसते आहे याची खात्री करावी आणि “टाकी फुल करा, ऑटो कट झाल्यावर थांबा” असे स्पष्ट सांगावे. पेट्रोल नळीच्या तोंडापर्यंत आले की नोझल आपोआप बंद होतो, त्याला सगळेच ऑटो कट म्हणतात. त्यानंतर एक थेंबही घालू देऊ नये. इथेच नवख्याची पहिली फजिती होते, कारण कट पडल्यावर मशीनवर १,९४३ रुपये दिसत असतात आणि मुलगा “दोन हजार राऊंड करू?” असे विचारता विचारताच नोझल पुन्हा दाबतो. या राऊंड करण्यात अर्धा लीटर सहज जास्त जातो, पुढच्या वेळी तो जाईलच असे नाही, आणि दोन्ही वेळचा हिशेब बिघडतो. शिवाय टाकीच्या वरच्या भागातील मोकळी जागा वाफेसाठी ठेवलेली असते. तिथे पेट्रोल कोंबल्यास वाफ शोषून घेणाऱ्या कॅनिस्टरमध्ये ते द्रवरूपात शिरून तो निकामी होऊ शकतो. मोबाईलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून सुट्ट्या पैशांची सबबही उरलेली नाही, १,९४३ तर १,९४३.

संकेश्वर, हत्तरगी, कित्तूर या बाजूला पंपावरच्या माणसाशी कन्नडमध्ये बोललेले बरे पडते. “फुल माड्री, आटो कट आद म्याल हाकब्याड्री” एवढे एक वाक्य पाठ करून ठेवले तर काम होते, आणि तो हसून का होईना पण थांबतो.

पेट्रोल किती वेगाने सोडले जाते यानेही फरक पडतो. नोझल पूर्ण दाबून जोरात सोडल्यास फेस होतो आणि कट लवकर पडतो. माझ्या स्वतःच्या वहीतील दुसऱ्याच नोंदीत २७ चा आकडा आला होता आणि तो मी दोन दिवस अभिमानाने सांगत फिरलो. पुढच्या टाकीला १४ आला तेव्हा उलगडा झाला, की आधीच्या वेळी फेसाने कट लवकर पडून टाकी दीड-दोन लीटर रिकामीच राहिली होती. म्हणून शक्यतो एकच पंप, जमल्यास त्यावरचे एकच मशीन, गाडीची तोंडाची दिशा तीच, आणि मध्यम वेगाने भरणे, एवढे पथ्य पाळावे. प्रत्येक वेळी थोडी चूक होणारच, पण ती सारखीच होत राहिली तर हिशेबात फारशी शिरत नाही.

पहिल्यांदा टाकी फुल केल्यावर वहीत तारीख आणि ओडोमीटरचा, म्हणजे गाडी आजवर एकूण किती किलोमीटर चालली ते दाखवणाऱ्या मीटरचा, आकडा लिहावा. त्या वेळी किती लीटर बसले याला अजून अर्थ नाही, कारण ते पेट्रोल कोणत्या प्रवासासाठी जळाले हे माहीत नाही. ती केवळ आरंभरेषा आहे.

वहीतले रकाने

तारीख, ओडोमीटर, लीटर, दर, पंप, टाकी फुल की अर्धवट, आणि शेरा, एवढे सात रकाने पुरतात. लीटर लिहिताना पावतीवरचे दोन दशांश स्थळांपर्यंत लिहावेत. पावती मिळाली नाही आणि फक्त रुपये लक्षात असतील तर रुपयांना त्या दिवसाच्या दराने भागावे. मात्र १६ जून २०१७ पासून देशभर दर रोज ठरतात, त्यामुळे मागच्या महिन्याचा दर अंदाजाने धरू नये. ट्रिप मीटर वापरण्यास हरकत नाही, परंतु मुख्य नोंद ओडोमीटरचीच असावी. ट्रिप मीटर घरातील एखादे पोर केव्हा शून्यावर आणील सांगता येत नाही, ओडोमीटरला कोणी हात लावत नाही.

मध्येच अर्धवट पेट्रोल घालावे लागले तरी बिघडत नाही. समजा बेळगावात टाकी फुल करून आपण निघालो, वाटेत १० लीटर घातले, आणि परत आल्यावर नेहमीच्या पंपावर टाकी फुल करताना १६.४० लीटर बसले, तर मधल्या सगळ्या प्रवासाचे पेट्रोल २६.४० लीटर झाले. अट एवढीच की अर्धवट भरलेले प्रत्येक लीटर वहीत उतरले पाहिजे. एक नोंद जरी राहिली तरी तो टप्पा रद्द धरावा आणि पुढच्या फुल टाकीपासून नव्याने सुरुवात करावी. आठवून, अंदाजाने भर घालू नये.

शेऱ्याच्या रकान्यात नवखा माणूस काहीच लिहीत नाही आणि सहा महिन्यांनी पस्तावतो. “गावात”, “निपाणी दोनदा”, “चोर्ला, पाच माणसे, एसी”, “टायरमध्ये हवा”, “सर्व्हिसिंग”, “पाऊस” असे दोन-तीन शब्द पुरेसे आहेत. आकडा का वाढला किंवा घसरला याचे उत्तर पुढे याच शब्दांत सापडते.

भागाकार, आणि त्यात होणारी चूक

दोन फुल टाक्यांमधील किलोमीटरना दुसऱ्या वेळी बसलेल्या लीटरनी भागले की त्या टप्प्याचे ॲव्हरेज निघते. यात अवघड काही नाही, पण दोन ठिकाणी लोक घसरतात.

पहिली चूक म्हणजे थोड्या पेट्रोलवर निष्कर्ष काढणे. टाकी फुल करताना अर्ध्या लीटरचा इकडेतिकडे फरक होणे अगदी स्वाभाविक आहे. समजा गाडी खरे पाहता १५ देते. आपण ९० किलोमीटर चालवून लगेच टाकी फुल केली तर ६ लीटर बसायला हवेत; कट लवकर पडून साडेपाचच बसले, तर उत्तर १६.४ येते, म्हणजे जवळजवळ नऊ टक्क्यांची फसगत. तीच गाडी ३७५ किलोमीटर चालवली, आणि २५ च्या जागी साडेचोवीस लीटर बसले, तर उत्तर १५.३ येते. चूक तेवढीच, पण तिचा परिणाम दोन टक्क्यांवर आला. म्हणून काटा पाव टाकीच्या आसपास येईपर्यंत थांबावे. टाकी पार कोरडी करण्याची गरज नाही. इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा गाडीचा पंप टाकीतच बसवलेला असतो, तो पेट्रोलमध्येच थंड राहतो, आणि त्याला वारंवार उघडे पाडणे बरे नव्हे.

दुसरी चूक अधिक शहाणी माणसे करतात. ती प्रत्येक टाकीचे ॲव्हरेज काढतात आणि मग त्या ॲव्हरेजांची सरासरी घेतात. एक टाकी गावातल्या गावात संपली: १६८ किलोमीटर, १४ लीटर, म्हणजे १२. दुसरी कोल्हापूरच्या फेऱ्यांत गेली: ४८० किलोमीटर, २४ लीटर, म्हणजे २०. बारा आणि वीस यांची सरासरी १६ येते, आणि ती चूक आहे. एकूण किलोमीटर ६४८, एकूण लीटर ३८, म्हणजे खरे उत्तर १७.०५. नेहमी किलोमीटरची बेरीज करावी, लीटरची बेरीज करावी आणि शेवटी एकदाच भागावे. वहीच्या प्रत्येक पानाखाली या दोन बेरजा पुढे ओढत नेल्या की गाडीचे जन्मापासूनचे ॲव्हरेज सदैव हाताशी राहते.

पाच-सहा टाक्या होईपर्यंत कोणालाही आकडा सांगू नये असे मी सुचवीन. नव्या गाडीच्या बाबतीत पहिल्या एक-दोन हजार किलोमीटरचा हिशेब ठेवावा, पण त्यावर मत बनवू नये, कारण इंजिन आणि टायर अजून बसायचे असतात.

दर, सीमा आणि पंप बदलण्याचा मोह

आपल्या भागात एक अडचण अशी आहे, जी पुण्या-सोलापूरच्या माणसाला सहसा येत नाही. पेट्रोलवरचा विक्रीकर प्रत्येक राज्याचा वेगळा असल्याने कोगनोळी नाक्याच्या अलीकडे एक दर, कागलकडे दुसरा. हिंडलग्यापुढे शिनोळी ओलांडली की पुन्हा महाराष्ट्राचा दर. आणि चोर्ला घाट उतरून साखळीला गेले की गोव्याचा तिसरा. गेली कित्येक वर्षे महाराष्ट्रातील पेट्रोल सहसा महाग आणि गोव्यातील स्वस्त राहिले आहे, त्यामुळे चंदगडकडून आलेला माणूस बेळगावातून परतताना आणि बेळगावचा माणूस गोव्यातून परतताना टाकी भरून घेतो. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने विक्रीकर वाढवला आणि पेट्रोल लीटरमागे सुमारे ३ रुपयांनी महागले, तेव्हा महाराष्ट्राशी असलेला फरक पुष्कळच आक्रसला. तरी भरण्याची सवय राहिलीच.

या सवयीचा आणि ॲव्हरेजचा संबंध दोन प्रकारे येतो. एक तर पंप बदलला की कट पडण्याची पातळी बदलते आणि मापात गोंधळ होतो. त्यावर उपाय असा, की बाहेरच्या पंपावर घेतलेले पेट्रोल वहीत “अर्धवट” म्हणून लिहावे, मग ते कटपर्यंत भरलेले का असेना, आणि टप्पा नेहमीच्या पंपावरच बंद करावा. दुसरे असे, की लीटरमागे किलोमीटर आणि किलोमीटरमागे रुपये हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. पहिला गाडीची तब्येत सांगतो, दुसरा खिशाची. गोव्यातल्या स्वस्त पेट्रोलने किलोमीटरचा खर्च कमी झाला म्हणून गाडी सुधारली असे होत नाही.

केवळ स्वस्त पेट्रोलसाठी वाट वाकडी करावी काय, याचे उत्तरही वहीच देते. समजा पलीकडे लीटरमागे २ रुपये कमी आहेत आणि आपण २५ लीटर घेणार आहोत, तर ५० रुपये वाचतील. त्यासाठी जाऊन-येऊन २० किलोमीटर जादा पडले आणि गाडी १८ देत असली, तर १.१ लीटर, म्हणजे शंभराहून अधिक रुपये, वाटेतच जळाले. कामानिमित्त तिकडे जाणे झालेच तर भरावे. मुद्दाम जाऊ नये.

पंप कमी माप देतो असा संशय आला तर भांडण्यापूर्वी पाच लीटरचे प्रमाणित माप मागावे. वैधमापन विभागाचा शिक्का असलेले हे माप प्रत्येक पंपावर ठेवणे बंधनकारक आहे आणि ग्राहकासमोर त्यात पेट्रोल मोजून दाखवणे हेही. पाच लीटरला २५ मिलिलीटरपर्यंतचा फरक क्षम्य धरला जातो. एक सांगायला हवे, की वहीत दिसणाऱ्या घसरणींपैकी फारच थोड्यांचा दोष पंपाकडे जातो, जरी आपला पहिला राग त्याच्यावरच निघतो.

घाट उतरताना खूश होऊ नये

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, पणजी समुद्राला लागून. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असे करत गोव्यात उतरणाऱ्याला डॅशबोर्डवर अद्भुत आकडे दिसतात, आणि बहुतेक बढाया तिथेच जन्म घेतात. परतीचा हिशेब करून पाहावा. माणसांसह एक हजार किलोची गाडी ७५० मीटर वर चढवण्यासाठी जवळजवळ साडेसात मेगाज्यूल ऊर्जा लागते. एका लीटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल असतात, पण इंजिन त्यातील साधारण पाव भागच चाकांपर्यंत पोहोचवते, म्हणजे आठ. याचा अर्थ, सपाट रस्त्याला जे लागले असते त्याशिवाय जवळजवळ एक लीटर पेट्रोल केवळ उंची गाठण्यात खर्च होते. समजा जाताना १२० किलोमीटरला ५ लीटर लागले आणि येताना साडेसात, तर एका बाजूचे ॲव्हरेज २४ आणि दुसऱ्या बाजूचे १६. खरे ते २४० भागिले साडेबारा, म्हणजे १९.२.

म्हणून आपल्या भागात मोजमापाचा टप्पा नेहमी घरापासून घरापर्यंत, जाऊन-येऊन असावा. आंबोलीमार्गे सावंतवाडीला उतरलात आणि तिथेच टाकी फुल करून भागाकार केलात, तर तो आकडा घाटाचा आहे, गाडीचा नव्हे. निपाणीच्या वाटेवरचे वंटमुरी आणि तवंदी हे घाट त्या मानाने लहान आहेत, पण नियम तोच.

उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडल्यास पेट्रोल वाचते हा समज जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. आजच्या गाड्यांत गिअर टाकलेला ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडणेच थांबवतात, कारण चाकेच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रल केल्यास मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जळत राहते. चोर्ल्याच्या वळणांवर ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका लक्षात घेता न्यूट्रलचा विचारही करू नये.

गावातले ॲव्हरेज का पडते

टिळकवाडीतून खडे बाजारला जाणे म्हणजे तीन-चार किलोमीटर. इंजिन पुरते तापायच्या आतच गाडी बंद होते, आणि थंड इंजिन गरजेपेक्षा अधिक पेट्रोल ओढते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तर अधिकच. त्यात रेल्वे गेट पडलेले असते. छोट्या गाडीचे इंजिन उभ्या जागी तासाला अर्धा ते पाऊण लीटर पेट्रोल पिते, एसी चालू असल्यास त्याहून जास्त. दहा मिनिटांच्या थांब्यात शंभर मिलिलीटर गेले, तर ते दीड किलोमीटरचे पेट्रोल झाले, आणि घर ते बाजार हे अंतरच चार. गेटवर इंजिन बंद करावे. गावातल्या टाकीला १२ किंवा १३ आले म्हणून गाडी घेऊन गॅरेजकडे धावू नये.

हमरस्त्यावर वेग हा मुख्य खर्च. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. हे पडताळायचे असल्यास बेळगाव–निपाणी–बेळगाव ही एकच फेरी, तेवढीच माणसे घेऊन, एकदा ८० च्या आत आणि एकदा शंभराच्या आसपास करून पाहावी. दोन्ही वेळा टाकी त्याच पंपावर फुल करावी, आणि एका फेरीवर न थांबता प्रत्येक वेगाच्या दोन-तीन फेऱ्या कराव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वेगही बदलला, हवाही भरली आणि ऑइलही बदलले, तर फरक कशाने पडला हे सांगता येणार नाही. गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत, असले प्रयोग आतल्या रस्त्यांवर करूच नयेत, कारण हुक्केरी किंवा चिकोडीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरमागे दुसऱ्या गिअरमध्ये किती वेळ काढावा लागेल हे आपल्या हाती नसते.

टायरमधील हवा थंड असतानाच तपासावी, आणि गाडीच्या दारालगत चिकटवलेल्या पट्टीवर जो आकडा आहे तोच भरावा. हवेचे दुकान काहीही न विचारता “तीस-तीस मारू?” असे म्हणते, आपल्या गाडीला ३३ सांगितले असेल तर ३३ च.

उसाचे पेट्रोल

याच भागातला ऊस आता दुसऱ्या वाटेनेही आपल्या ॲव्हरेजमध्ये शिरला आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलच्या एका लीटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या लीटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के, तर १० टक्क्यांसाठी घडवून २० ला जुळवलेल्या गाड्यांसाठी एक ते दोन टक्के घट धरलेली आहे. जुन्या वहीतील १८ चे आता १७ झाले असतील, तर गाडी बिघडली असे समजण्यापूर्वी हे वजा करून पाहावे. १८ चे १४ झाले असतील तर इथेनॉलला दोष देऊन गप्प बसू नये.

मीटर आणि डिस्प्ले यांच्यावर किती विश्वास ठेवावा

डॅशबोर्डवरचे ॲव्हरेज पेट्रोल मोजून आलेले नसते. इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले त्यावरून संगणकाने मांडलेला तो हिशेब असतो आणि तो अनेकदा थोडा फुगलेला निघतो. पाच-सहा टाक्यांवर वहीच्या आकड्याशी त्याची तुलना करावी. तो दर वेळी साधारण पाच टक्के जास्त दाखवत असेल तर तेवढे वजा करून त्याचा रोजच्या अंदाजासाठी खुशाल उपयोग करावा.

ओडोमीटरही एकदा तपासून घ्यावा. राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या कडेच्या किलोमीटरच्या दगडांवर नजर ठेवून २० किलोमीटर चालवावे, चालकाने नव्हे, शेजारी बसलेल्याने आकडे टिपावेत. २० च्या जागी मीटरने २०.४ दाखवले तर तो दोन टक्के जास्त धावतो, आणि वहीतल्या किलोमीटरना ०.९८ ने गुणावे. टायर झिजत जातात तसा त्यांचा घेर कमी होतो. पूर्ण झिजलेल्या टायरवर याच कारणाने दोन टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, म्हणून टायर बदलल्यावर ही तपासणी पुन्हा करावी.

सीएनजीच्या गाडीला हीच रीत लागू आहे, मात्र लीटरऐवजी किलो मोजावेत आणि पेट्रोलचा हिशेब वेगळा ठेवावा, कारण बहुतेक अशा गाड्यांत सुरू होताना थोडे पेट्रोल वापरले जाते. नेमक्या दाबाने सिलिंडर भरणे पंपावर आणि हवेच्या तापमानावर अवलंबून असल्याने एका भरण्याचा आकडा पेट्रोलहूनही कमी विश्वासाचा असतो. निदान आठ-दहा भरण्यांची बेरीज घ्यावी.

आकडा घसरला तर

एका टाकीची घसरण सोडून द्यावी. सलग तीन टाक्या, सारख्याच वापरात, नेहमीपेक्षा दहा टक्क्यांहून कमी आल्या तर शोध सुरू करावा, आणि तो फुकटच्या गोष्टींपासून करावा. आधी टायरची हवा. मग एअर फिल्टर, कारण खानापूर तालुक्यातल्या तांबड्या मातीच्या रस्त्यांवर तो सर्व्हिसिंगची तारीख येण्याच्या कितीतरी आधी भरतो. मग डिकीत साठलेले ओझे. पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र क्रम सोडून थेट गॅरेज गाठावे.

चिकटलेला ब्रेक हा या यादीतला सर्वांत दुर्लक्षित चोर. माझ्या गाडीचे ॲव्हरेज एका पावसाळ्यानंतर १७ वरून १४ वर आले. गॅरेजमध्ये प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, बिल दिले, आणि पुढच्या दोन टाक्यांना पुन्हा १४ च आले. शेवटी वही घेऊन बसलो तेव्हा दिसले, की घसरण सुरू झाली त्याच्या आधीच्या शेऱ्यात “पंधरा दिवस गाडी उभी, पाऊस, हँडब्रेक ओढलेला” असे लिहिलेले होते. दहा किलोमीटर चालवून, ब्रेक शक्य तितका कमी वापरून, गाडी थांबवली आणि चारही चाकांजवळ हाताचा पालथा पंजा नेऊन पाहिला, रिमला न टेकवता. मागचे डावे चाक भट्टीसारखे तापलेले होते. ड्रम उघडून साफ करायला पाऊण तास लागला, आणि त्या दिवशी टाकी फुल करून वहीत नवी आरंभरेषा आखली.